एका स्वस्त देशाची चौकशी

कॉव्हेंट्री
११ मार्च १९८४

चि. अरुणा,

आशीर्वाद आहेतच. ते दरवेळी लिहून एरोग्रामची जागा घालवत नाही.

माझी तुला वर्षाला दोन पत्रं येतात, एक दिवाळीचं आणि एक मधुकरच्या तिथीचं. हे तिसरं बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. पण दोन वर्षांनी, मार्च १९८६ मध्ये मला साठ पुरी होतात. महिनाअखेरीस हॉस्पिटल मला एक घड्याळ देईल आणि नर्सेस होममधली खोली काढून घेईल. तीस वर्षं मी इथे हॉस्पिटलच्याच खोल्यांमधून राहिले. एकटीला घर कशाला, असं वाटत राहिलं, आणि आता घर घ्यायची ऐपत राहिलेली नाही. हिशोब करून पाहिला. पेन्शनमध्ये खोलीचं भाडं किंवा थंडीतली शेगडी, दोनपैकी एकच परवडेल.

माझ्या वॉर्डातली डोरीन गेल्या वर्षी स्पेनला जाऊन राहिली. इथले बरेच जण आता असं करतात. नोकरी महाग देशात करायची आणि म्हातारपण स्वस्त देशात काढायचं. मीही एक वही केली आहे. तीत दोन रकाने आहेत, एक स्पेन आणि एक भारत. आता नीट वाच, अरुणा. मी परत येते आहे, असा अर्थ काढू नकोस. मी परदेशात राहायला जायचा विचार करते आहे आणि तपासण्याजोग्या देशांत भारतही एक आहे. पासपोर्टसुद्धा माझा आता इथलाच आहे. तुमची वाशी तर मी पाहिलेलीच नाही. सत्तर साली आले तेव्हा तुम्ही दादरला होतात.

म्हणून विचारते. सकाळी सहाला घराबाहेर पहिला आवाज कशाचा येतो? दूध कुठून येतं? साठीची बाई संध्याकाळी एकटी खाडीपर्यंत फिरायला गेली तर लोक काय म्हणतात? तिसऱ्या मजल्यावर कोणी आजारी पडलं तर त्याला खाली कसं आणतात? आणि एकटं माणूस मेलं तर पुढचं कोण बघतं? शेवटच्या प्रश्नाला दचकू नकोस. माझ्या धंद्यात तो पहिल्याच दिवशी विचारतात.

मीना


वाशी, नवी मुंबई
६ एप्रिल १९८४

ती. वन्सं यांना अरुणाचा साष्टांग नमस्कार,

घाबरू नकोस लिहिलंत, पण मी घाबरलेच. शेजारच्या स्मिताने येऊन पत्र फोडलं तेव्हा जीव भांड्यात पडला. वन्सं, तुम्ही आमच्याकडे येणार म्हणजे आनंदच आहे. पण खरं काय ते आधी सांगितलेलं बरं, नाहीतर मागाहून मला बोल लावाल.

सकाळी सहाचा आवाज विचारलात. इथे पाचलाच नळ येतो आणि सगळी बिल्डिंग बादल्या वाजवायला लागते. सहाला नळ गेलेला असतो. दूध केंद्रावर मिळतं, पण त्याला कार्ड लागतं, आणि दूधवाला भय्या कार्ड मागत नाही तसा पाणी घालायलाही मागेपुढे बघत नाही. गॅसला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसतात. टेलिफोन सबंध बिल्डिंगमध्ये एक, तळमजल्यावर पाठारे वकिलांकडे. डास तर इतके की संध्याकाळी खिडक्या लावून बसावं लागतं. वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो, आणि ओहोटी लागली की खाडीचा. रात्री कोल्हे ओरडतात. पहिल्या वर्षी मला वाटलं कोणाचं तान्हं मूल रडतंय.

खाडीकडे मी जात नाही, त्यामुळे लोक काय म्हणतात ते ठाऊक नाही. तुमचे भाऊ गेल्यापासून बाजार आणि घर एवढंच. नंदकिशोर महिन्यातून एकदा पुण्याहून येतो, "आई, एकटी कशाला राहतेस" म्हणतो, आणि मी चहा टाकायला उठते.

आजाऱ्याला खाली कसं नेतात, आणि तुमचा तो शेवटचा प्रश्न, यांची उत्तरं मला सुचली नाहीत. रस्ते रुंद आहेत, माणसं थोडी आहेत. तुमच्यासारख्या बाईला इथे करमणार नाही, असं आपलं मला वाटतं. स्पेनमध्ये थंडी नसते म्हणतात.

आपली,
अरुणा


कॉव्हेंट्री
२९ एप्रिल १९८४

चि. अरुणा,

तीस वर्षं मी पेशंटचे नातेवाईक पाहते आहे. "घरी नेलं तर आमची काही हरकत नाही, पण जिना फार उंच आहे" असं सांगणारे लगेच ओळखू येतात. तुझं पत्र त्यांतलं आहे. रागावले नाही. पण मला घालवायचंच असेल तर कोल्ह्यांबद्दल लिहायला नको होतंस. मी ते वाक्य चारदा वाचलं. किती कोल्हे? राहतात कुठे? दिवसा दिसतात का?

आणि मधुकर गेल्यापासून चार वर्षं खाडीकडे जात नाहीस म्हणजे काय? घरापासून ती किती लांब आहे, तेवढं तरी कळव. मिनिटांत सांग, अंदाजाने नको. नकाशावर मला पूल दिसतो, दलदल दिसते, आणि वाशी, तुर्भे, बेलापूर अशी नावं दिसतात. उलवे नावाचं एक गाव खाडीपलीकडे आहे, त्याच्याभोवती नुसतं निळं आणि हिरवं छापलंय. तिथे माणसं काय करतात? तुझ्या बिल्डिंगच्या जागी आधी काय होतं?

डोरीनलाही मी असेच प्रश्न पाठवले. तिचं उत्तर आलं, ऊन छान आहे. आणखी काय आहे विचारलं, तर लिहिते, रोज ऊन असतं.

बाहेर पड आणि बघून ये. तुझ्याशिवाय मला तिथे डोळे नाहीत.

मीना


वाशी
१५ जुलै १९८४

ती. वन्सं यांना सा. नमस्कार,

खाडी घरापासून एकोणीस मिनिटांवर आहे. चपलेचा अंगठा तुटला म्हणून येताना सव्वीस लागली. पहिल्या दिवशी मी शेजारच्या स्मिताला बरोबर घेतलं, म्हटलं आमच्या वन्संनी इंग्लंडहून काम सांगितलंय. दुसऱ्या दिवसापासून एकटीच जाते. लोक काय म्हणतात विचारलं होतंत ना? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" तिसऱ्या दिवसानंतर कोणी काही विचारलं नाही.

कोल्हे पाच आहेत. निदान मला पाच दिसले, सकाळी, खारफुटीच्या कडेला. कुत्र्याहून लहान असतात आणि आपल्याकडे बघून उभे राहतात. गोजरा म्हणाली, त्यांना चिंबोऱ्या लागतात.

ही गोजरा म्हणजे जुहूगावची कोळंबीवाली. गेली सहा वर्षं मी तिच्याकडून कोळंबी घेते आणि भावावरून भांडते, याच्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. तुमच्यासाठी म्हणून विचारलं, बिल्डिंगच्या जागी आधी काय होतं गं. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "तुमची बिल्डिंग हाय ना बाय, तिथं आमी भात लावायचो. आता तुमच्याच दारान म्हावरा इकते." त्या दिवशी मी भाव केला नाही, तर तिलाच ते आवडलं नाही. तिची बहीण उलव्याला दिली आहे. तिथे मीठ पिकवतात, भात लावतात, भरती असली की होडीने जातात. मला घेऊन जाईन म्हणाली आहे.

आता जिना. शिंप्याचा टेप घेऊन मी वळणावरची जागा मोजली. स्ट्रेचर वळत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या चांगुणाबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून उतरवलं होतं. आणि शेवटच्या प्रश्नाचं म्हणाल तर सोसायटीत आजवर दोन माणसं गेली. दोन्ही वेळा पाठारे वकील आणि समोरच्या बिल्डिंगमधला सदू रिक्षावाला यांनी सगळं पाहिलं. त्यांतले एक तुमचे भाऊ. मला हे आठवत होतं, पण मागच्या पत्रात लिहायचा धीर झाला नाही.

कांदा-बटाटा मार्केटही बघून आले. तिथे वन्सं, गोणीपेक्षा कमी कांदा विकत नाहीत. आम्ही चौघींनी मिळून एक गोणी घेतली आणि जिन्यात बसून वाटली. माझ्या वाट्याला आलेल्यांत बरेच मोठे होते, कारण वाटत मी होते.

पुढचे प्रश्न पाठवा. तुमच्या भावालाही ही सवय होती, बसमध्ये शेजारच्याला त्याचं गाव विचारायची. मी तेव्हा चिडायचे.

आपली,
अरुणा


कॉव्हेंट्री
९ डिसेंबर १९८४

चि. अरुणा,

तुझी जुलैपासूनची चारही पत्रं समोर आहेत. खुर्चीतून उतरवलं हे योग्यच, आम्हीही तसंच करतो. पायाकडच्या बाजूला उंच माणूस असावा, एवढं त्या सदूला सांगून ठेव. उलव्याच्या मिठाच्या वाफ्यांवरचं पत्र मी डबा खाताना मोठ्याने इंग्रजीत करून वॉर्डात वाचून दाखवलं. एक पोरगी म्हणाली, सिस्टर, हे कुठल्या देशातलं? मलाही क्षणभर विचार करावा लागला.

वहीतला स्पेनचा रकाना मी बंद केला आहे. मला वाशीत राहायचं आहे.

एक वाईट बातमी आहे, ती आधी सांगते. पेन्शनच्या ऑफिसात चौकशी केली. स्पेनला गेलं तर पेन्शन इथल्यासारखी दरवर्षी वाढते. भारतात गेलं तर ज्या आकड्यावर देश सोडला तिथेच ती गोठते, मरेपर्यंत. म्हणजे पहिली काही वर्षं मी मजेत राहीन आणि नंतर दरवर्षी थोडी थोडी गरीब होत जाईन. हे ठाऊक असूनही येते आहे.

म्हणून सगळं आधीच लिहून ठरवू. तुझी आतली खोली, जिच्यात मधुकरची पुस्तकं आहेत, ती मला भाड्याने हवी. बाजारभावाने, रीतसर कराराने, दर महिन्याच्या एक तारखेला. तिथे अशा खोलीला काय पडतं याची चौकशी कर आणि आकडा कळव. हा तुला माझा शेवटचा प्रश्न.

मीना


वाशी
१७ फेब्रुवारी १९८५

ती. वन्सं यांना सा. नमस्कार,

तुम्ही येताय, वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण पुढचं वाचून हसावं की रडावं कळेना. भाडं? माहेरवाशिणीकडून भाडं घेतलं असं कळलं तर तुमचे भाऊ जिथे असतील तिथून उठून येतील आणि माझा कान धरतील. सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. तुम्ही आलात की मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकणार आहे, ओटी भरणार आहे, आणि त्या खोलीचा विषय पुन्हा काढायचा नाही. पेन्शन वाढेल नाहीतर गोठेल, दोन घास काही जड नाहीत आम्हाला.

तुम्ही प्रश्न विचारत होतात तोवर मी नुसती बघत होते. आता तुमच्यासाठी काहीतरी करूनही दाखवलं आहे. इथे रेशनकार्डाशिवाय साखर नाही, रॉकेल नाही, गॅसचा नंबर नाही. म्हणून रेशनिंग ऑफिसात तीन दिवस हेलपाटे घातले. क्लार्क म्हणाला, आधीच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा. म्हटलं, आधीचं कार्डच नाही. म्हणाला, मग बाई तीस वर्षं जेवल्या कुठे? मी सगळी हकीकत सांगितली, कॉव्हेंट्रीपासून. पासपोर्टाचं तेवढं सांगितलं नाही. शेवटी तो कंटाळला आणि त्याने नाव घातलं. उताऱ्याची नक्कल सोबत पाठवते आहे, देवासमोर ठेवून मग पाकिटात घातली. बघा, खाली नीट लिहिलंय: मीना, वय अठ्ठावन्न, कुटुंबप्रमुखाशी नातं नणंद, कुटुंबप्रमुखावर अवलंबून.

आता तुम्ही कायद्याने या घरच्या झालात.

आपली,
अरुणा


कॉव्हेंट्री
२४ मार्च १९८५

अरुणा,

नक्कल मिळाली. परत पाठवते आहे.

तुला माझं एक ठाऊक नाही, कारण मी ते कोणाला सांगितलेलं नाही. वडील गेल्यावर मधुकर आणि मी काकांकडे राहिलो. मधुकर मुलगा, तो शिकून बाहेर पडला. मी अठ्ठावीसची होईतो तिथेच. काका-काकू वाईट नव्हते. पण पंगतीत तूप वाढताना काकू तुपाच्या चमच्याआधी माझ्याकडे बघायच्या. नुसतं बघायच्या, वाढायच्याही. दाराबाहेर पडायचं तर बसचे पैसे मागावे लागत आणि मिळतही. कोणी कधी नाही म्हटलं नाही, म्हणून तर मी नर्सिंगचा फॉर्म चोरून भरला आणि बोटीत बसले. लोकांना वाटलं, मला विलायत बघायची होती. मला फक्त कोणाच्या ताटाला ताट लावून जेवायचं नव्हतं.

भारताला मी "परदेश" म्हणत होते ते फुशारकीने नाही. परदेशात माणूस भाडं देतं आणि राहतं, त्याला कोणी सांभाळत नाही. तू भाकरतुकडा ओवाळणार, ओटी भरणार, आणि मी साठाव्या वर्षी पुन्हा कोणाच्या तरी कार्डावर खालच्या ओळीत. तू प्रेमाने केलंस हे कळतं. काकूंनीही प्रेमानेच वाढलं असेल.

डोरीनच्या शेजारी एक खोली रिकामी होते आहे. तिने विचारलंय, मी हो म्हणून कळवणार आहे.

मीना


वाशी
२ जुलै १९८५

ती. वन्सं,

मार्चच्या पत्रानंतर माझी दोन पत्रं गेली. मिळाली असतील तर कार्डावर एक ओळ टाका. माझं चुकलं असेल, पण नक्की काय चुकलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. खाडीकडे रोज जाते.

अरुणा


वाशी
२४ नोव्हेंबर १९८५

ती. वन्सं यांना सा. नमस्कार,

हे पत्र फाडू नका, शेवटपर्यंत वाचा. उत्तर द्यायचं की नाही ते मग ठरवा.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा हे घर विकायचं जवळजवळ ठरलं होतं. नंदकिशोर केव्हापासून मागे लागला होता की वाशी विक, पुण्याला ये, त्या पैशात आपण मोठा फ्लॅट घेऊ, तुला वेगळी खोली. मी "बघू" म्हटलं होतं, आणि आमच्या घरात बाईचं बघू म्हणजे हो धरतात. म्हणून मी तुम्हाला डास आणि वास यांची भीती घातली. जे घर राहणार नाही त्यात तुम्हाला काय बोलवू? मग तुम्ही खाडी किती मिनिटांवर आहे विचारलंत, आणि माझं सगळं बिघडलं. दर महिन्याला नंदकिशोरला सांगत गेले, थांब, वन्संच्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

दिवाळीत तो, सूनबाई वैशाली आणि चेंबूरचे एक गृहस्थ असे आले. गृहस्थांनी खोल्या पावलांनी मोजल्या, नळ सोडून पाहिला. मी फराळाच्या बशा भरत होते. वैशाली आत आली, माझ्या हातातला झारा घेतला आणि म्हणाली, "आई, तुम्ही आता कसली काळजी करू नका. आमच्या कार्डावर तुमचं नाव घालून घेतलंय." पर्समधून काढून दाखवलं. नंदकिशोरची आई, वय एक्कावन्न, अवलंबून.

वन्सं, वैशाली गुणी मुलगी आहे. तीही तीन दिवस रांगेत उभी राहिली असेल. तिच्या तोंडावर तोच आनंद होता जो मी तुम्हाला नक्कल पाठवताना माझ्या तोंडावर असणार. तुमचं पत्र मला त्या क्षणी कळलं, मार्चपासून दहा वेळा वाचून कळलं नव्हतं ते. मी तुमच्याशी फार वाईट वागले. मला क्षमा करा.

बाहेर गृहस्थ नंदकिशोरला विचारत होते, जागा मोकळी आहे ना, भाडेकरू वगैरे कोणी नाही ना. मुंबईत भाडेकरू असलेली जागा कोणी हातात धरत नाही, हे मला पाठारे वकिलांमुळे ठाऊक होतं. मी बशा घेऊन बाहेर गेले आणि म्हटलं, "आहे. आतल्या खोलीत."

नंदकिशोर म्हणाला, "आई, आत कोण आहे?"

म्हटलं, "यायची आहे. मार्चमध्ये. इंग्लंडहून."

गृहस्थांनी चकली खाल्ली, चहा घेतला, आणि गेले. तिसऱ्या दिवशी निघताना नंदकिशोर म्हणाला, "आई, तुला एकटीलाच राहायचं होतं तर तसं सांगायचंस." म्हटलं, मलाही आताच कळलं. पाया पडून गेला. येतो म्हणालाय.

आता पुढचं. तुम्ही स्पेनला हो म्हटलं असेल तर माझा इलाज नाही, मला तेव्हा नवा भाडेकरू शोधावा लागेल आणि तो कोल्हे मोजणारा असेल असं नाही. पण म्हटलं नसेल तर ऐका. माहेर मी तुम्हाला देऊ शकत नाही. ते तुमच्या भावाचं होतं, त्याच्याबरोबर गेलं. मी देऊ शकते ती एक खोली. भाडं तीनशे रुपये, आगाऊ, एक तारखेला, आणि उशीर झाला तर मी मागणार. चौकशी केली, भाव दोनशे ऐंशीचा आहे, पण तुमच्या खोलीला खिडक्या दोन आहेत. गॅस एकच म्हणून स्वयंपाक एकत्र, खर्च निम्मा निम्मा. तूप ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. पेन्शन गोठल्यावर तीनशे जड जायला लागले की तुम्ही मला सांगायचं आणि आपण समोरासमोर बसून घासाघीस करायची. फुकट मी कधीच राहू देणार नाही. मला करार हवा आहे, वन्सं. तुमच्याइतकाच मलाही हवा आहे.

रेशनिंग ऑफिसात जाऊन तुमचं नाव काढून आले. तोच क्लार्क होता. म्हणाला, "वारल्या का?" म्हटलं, "नाही, भाडेकरू झाल्या."

कराराचे दोन्ही कागद पाठारे वकिलांनी तयार करून दिलेत. सोसायटीचं मी बघते, सेक्रेटरींना कांद्याच्या गोणीत वाटा हवा आहे. माझी सही केली आहे. तुमची जागा मोकळी आहे.

आपली घरमालकीण,
अरुणा


कॉव्हेंट्री
५ जानेवारी १९८६

चि. अरुणा,

स्पेनचं पत्र लिहून पाकीट बंद केलेलं होतं. तिकीट लावायचं राहिलं, राहिलं, असं मार्चपासून चाललं होतं. कारण मलाही सांगता येत नव्हतं. तुझं पत्र रात्रपाळीहून आल्यावर उभ्या उभ्या वाचलं. क्षमा वगैरे मागू नकोस, मीही तुला फार कडक लिहिलं होतं. त्या पत्रानंतर मला इथे एकदाही बरं वाटलेलं नाही.

तीनशे जास्त आहेत. दोन खिडक्यांचे वीस रुपये मी समजू शकते, पण एक खिडकी जिन्याकडे उघडते असं तूच चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टात लिहिलं होतंस. दोनशे नव्वद. बाकीच्या अटी मान्य. तुपाची अट तर मी लाल शाईने अधोरेखित केली आहे.

एप्रिलच्या सात तारखेचं विमान आहे. न्यायला येऊ नकोस, सदूला त्याच्या दराने पाठव. दारात काही ओवाळायचं असेल तर घरमालकिणी भाडेकरूंना जेवढं ओवाळतात तेवढंच ओवाळ.

दोन्ही कागदांवर सही केली आहे. साक्षीदार म्हणून वॉर्डातल्या त्या पोरीची सही घेतली, तिला आता वाशी कुठल्या देशात आहे ते ठाऊक झालं आहे. फक्त एका ठिकाणी मी अडले. "भाडेकरूचा कायमचा पत्ता" असा एक रकाना आहे. आजवर जगातल्या प्रत्येक फॉर्मवर मी तिथे हॉस्पिटलचं नाव लिहीत आले. ते एक एप्रिलपासून चालणार नाही. काकांची जागा केव्हाच पाडली. पेन घेऊन अर्धा तास बसले होते, आणि शेवटी तुझाच पत्ता लिहिला. भाडेकरूचा कायमचा पत्ता आणि भाड्याच्या जागेचा पत्ता एकच असला तर कायद्याने चालतं का, तेवढं पाठारे वकिलांना विचारून ठेव.

मीना